कवळीविरुद्धची तक्रार मागे घेताना

दिनांक २२ डिसेंबर २००७, शनिवार. वेळ सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे. स्थळ : कामठ्याजवळील एका माध्यमिक शाळेचे पटांगण, स्नेहसंमेलनाचा मंच. सदर वेळी व स्थळी तक्रारदार परसराम टेंभरे, वय वर्षे चोपन्न, सहायक शिक्षक (मराठी), राहणार कामठा, हे सूत्रसंचालन करीत असता त्यांची खालची कवळी, जी बसवून जेमतेम पाच आठवडे झाले होते, कोणतेही सबळ कारण नसताना मुखातून बाहेर आली व प्रमुख पाहुण्यांसमोरील तबकात पडली. उपस्थित जनसमुदायाने, अंदाजे सहाशे, हे पाहिले. तक्रारदाराची भरून न येणारी मानहानी झाली. सबब, गोंदिया येथील दंतवैद्य डॉ. नीतू कटरे यांनी घेतलेले माप सदोष असून नागरिकांनी त्यांच्याकडे कवळी बसवण्यापूर्वी दहादा विचार करावा.

ही तक्रार ३ जानेवारी २००८ च्या साप्ताहिकात, वाचकांच्या पत्रांत छापून आली. तीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचे परसरामांना दोन दिवस फार समाधान होते. चूक मजकुरात होती. त्या चुकीपायी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली बाके रिकामी पडली आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्या जागा सोडून नागपूरला नोकरी धरायच्या बेतात आल्या. हे कसे घडले आणि दोष नेमका कोणाच्या तोंडाचा होता, ते आता सांगायचे आहे. सांगताना परसरामांना परसरामच म्हटले आहे. अर्जात ‘मी’ लिहायचे नाही, ‘तक्रारदार’ लिहायचे, ही तीस वर्षांची सवय. शिवाय स्वतःला नावाने हाक मारली की चार शब्द मोकळेपणाने सुनावता येतात.

परसराम टेंभरे यांना दोन व्यसने होती. एक तक्रारीचे, ते जगजाहीर होते. दुसरे गुडाखूचे, ते फक्त त्यांच्या पत्नीला, दुलारीबाईंना ठाऊक होते. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लेप बोटावर घेऊन हिरड्यांवर घासला की डोके हलके होते, आणि काही वर्षांनी तोंडही. वर्गात ‘व्यसनमुक्ती’ या विषयावर निबंध सांगून घरी आले की परसराम मोरीत जात, कडी लावत आणि दहा मिनिटांनी प्रसन्न चेहऱ्याने बाहेर येत.

तक्रारी ते सर्वांविरुद्ध करत. वेळापत्रकात असलेली आणि रस्त्यावर नसलेली बस, तलावाच्या पाळीवर टाकलेला मुरूम, टपालपेटीचे तुटलेले झाकण, दुकानांच्या पाट्या. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा लोकांनी फटाके फोडले. परसरामांनी तक्रारींची नवी वही उघडली. तोवर तक्रार भंडाऱ्याला पाठवावी लागे आणि तेथून उत्तर येत नसे. आता ते जवळच्या गावाहून येईनासे झाले. हीच प्रगती, असे ते सहकाऱ्यांना म्हणत, आणि सहकारी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जात.

बोलण्याच्या बाबतीत मात्र ते फार कडक. घरी पोवारी, बांधावर झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशी त्यांची चार तोंडे होती; पण कोणी विचारले तर ते शेवटचे एकच कबूल करत. वर्गात कोणाच्या तोंडून ‘काऊन’ निघाले तर त्याला उभे करून ‘का’ हा शब्द दहा वेळा म्हणायला लावत. पंचक्रोशीत कोणाचा सत्कार असो की निरोपसमारंभ, ध्वनिक्षेपकासमोर टेंभरे सरच उभे राहत. ‘उपस्थित मान्यवर आणि रसिक श्रोतेहो’ हे शब्द ते असे उच्चारत की मागे बसलेल्या कोंबड्यासुद्धा गप्प होत, असे ते स्वतः सांगत.

२००३ पासून दात हलू लागले. परसरामांनी हातपंपाच्या पाण्याविरुद्ध तक्रार केली. पाण्याचा नमुना तपासून आला, पाणी निर्दोष निघाले. परसरामांनी नमुन्याविरुद्ध तक्रार केली. तोवर वरचे सहा दात गेले. २००६ च्या अखेरीस शेवटची दाढ पडली, आणि मग वर्गात ‘सरस्वती’ म्हटले की पहिल्या बाकावरची मुले वही डोक्यावर धरू लागली. सूत्रसंचालन एका तरुण शिक्षकाकडे गेले, जो मधे मधे शेर म्हणत असे. ते परसरामांना सहन झाले नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये, गावात हलक्या धानाची कापणी चालू असताना, ते एकटेच गोंदियाला गेले.

दवाखाना रेल्वे स्टेशनच्या बाजूला, एका कापडदुकानाच्या वर होता. दोन खोल्या, बाहेर दोन बाके. बाकांवर बसायला जागा नव्हती, इतके लोक होते. ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई खुर्चीतून एकदम उठून उभ्या राहिल्या.

“नमस्कार सर. ओळखलं का? नीतू कटरे. दवनीवाडा. दहावी ‘ब’.”

मधली सहा वर्षे परसराम दवनीवाड्याच्या शाळेत होते. त्यांना चेहरा आठवला नाही, चूक आठवली. “काऊन म्हणणारी,” ते म्हणाले.

“हो सर,” ती म्हणाली, आणि खाली बसायला विसरली.

पहिल्या दिवशी तिने गरम पाण्यात तपकिरी रंगाची एक वडी मऊ केली, लोखंडी ट्रेमध्ये भरली आणि त्यांच्या हिरडीवर दाबली. तोंडात पुरणाचा गरम गोळा ठेवल्यासारखे झाले, फक्त गोडी नव्हती. तो नुसता अंदाजाचा ठसा होता. त्यावरून तिने त्यांच्या हिरडीपुरता गुलाबी ट्रे करून घेतला, आणि खरे माप पुढच्या खेपेला सुरू झाले.

“सर, हे जरा समजून घ्या,” ती म्हणाली. स्पिरिटच्या दिव्यावर ती हिरव्या मेणासारखी एक कांडी वितळवत होती. “कवळी हिरडीवर डिंकाने बसत नाही. काचेवर ओली काच ठेवली की उचलता येत नाही ना, तशी बसते. मध्ये थुंकीचा पातळ थर, आणि चारी बाजूंनी कड बंद. कड लांब राहिली तर गाल आणि जीभ तिला ढकलतात. आखूड राहिली तर हवा शिरते. किती ठेवायची ते मी नाही ठरवत, तुमचे गाल ठरवतात. म्हणून ही कांडी मऊ आहे तोवर तोंड चालवायचं. घरी चालतं तसं.”

“चालवतो,” परसराम म्हणाले.

तिने ट्रेच्या कडेवर कांडीचा थेंबाथेंबाने थर दिला, कोमट पाण्यात बुडवून तोंडात ठेवला. “आता मोठ्ठं उघडा, सर.”

परसरामांनी तोंड दोन बोटांएवढे उघडले.

“आणखी. ओठ पुढे काढा, चंबूसारखे. आता हसा, दोन्ही गाल मागे जाऊ द्या. आता जीभ बाहेर काढा, वरच्या ओठाला लावा.”

ज्या माणसाने तीस वर्षे जीभ दाखवणाऱ्या मुलांच्या हातावर छडी ओढली, त्याने आपल्याच विद्यार्थिनीला जीभ कशी काढून दाखवावी? परसरामांनी जिभेचे टोक ओठांच्या फटीशी आणले, जसे एखादे सभ्य माणूस दारातून डोकावून ‘येऊ का?’ विचारते. हसा म्हटल्यावर त्यांनी फोटोसाठी ठेवतात तेवढा चेहरा प्रसन्न ठेवला. तिने ट्रे बाहेर काढला, थंड पाण्यात धरला, कडेकडे पाहिले, आणि तोच भाग पुन्हा मऊ केला.

“सर, थोडं बोला ना. काहीही. घरी जसं बोलता तसं.”

“उपथित मान्यवय,” परसराम ट्रेसकट म्हणाले, “यसिक थोतेहो.”

तिने ट्रे काढून विचारले, “घरी असंच बोलता, सर?”

“आम्ही घरी-दारी एकच मराठी बोलतो.”

तिने त्यांना एकदा दवनीवाड्याच्या बाजारात वांगेवाल्याशी भांडताना ऐकले होते, हे पुढे कळले. पण दहावी ‘ब’ मधल्या मुलीने ते सरांना कसे सांगावे? तिने तीनदा विनंती केली, तीनदा परसरामांनी मान्यवरांचे स्वागत केले. मग तिने ट्रेमध्ये लवंगेच्या वासाचे मलम पसरले, शेवटचा ठसा घेतला, आणि तो प्लास्टरमध्ये कायमचा झाला. परसराम जे तोंड फक्त सभेत आणि वर्गात वापरत, त्या तोंडाचे ते अचूक माप होते.

दिवाळीनंतर कवळ्या आल्या. वरची तर जन्मापासून तिथेच असल्यासारखी बसली. खालची बसवल्यावर परसरामांनी आरशात पाहून ‘सुस्वागतम्’ म्हटले. ती हलली नाही. बसमध्ये त्यांनी वाहकाला “कामठ्याचे एक तिकीट द्यावे” असे सांगितले. तेव्हाही हलली नाही. वाहकच जरा हलला.

घरी दुलारीबाई अंगणात धान पाखडत होत्या. “आले का जी दात? पाहू, हासा बरं!”

परसराम हसले. खालची कवळी उठून जिभेवर बसली.

मग रोजचेच झाले. शेजाऱ्याची गाय कुंपणात शिरली आणि तिला हाकलायला ओरडले, की कवळी बाहेर. दुलारीबाईंशी शब्दाला शब्द लागला, की कवळी बाहेर; पुढचा शब्द आपोआप दुलारीबाईंचा. पोह्यांचा मोठा घास घेतला, की कवळी पोह्यांत. ते तीनदा गोंदियाला गेले. ते खुर्चीत बसले की डॉक्टरीणबाई म्हणत, “घरी काय होतं ते इथे करून दाखवा, सर.” परसराम ताठ बसून म्हणत, “असे बोलत असता ती अकस्मात वर येते.” आणि ती वर येत नसे. दवाखान्यात ती पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखी हात बांधून बसे. डॉक्टरीणबाईंनी अंदाजाने दोन ठिकाणी कड घासून दिली. परसरामांना वाटले, ही मुलगी मनातल्या मनात आपल्याला हसत असली पाहिजे. तीस वर्षांपूर्वी शाळेत लागलेला हा संशय. मुलांपैकी कोणीतरी हसत असतेच.

तरीही सभेत कवळी टिकेल याची त्यांना खात्री होती, आणि ती खोटी नव्हती. २२ डिसेंबरला तरुण शिक्षकाला ताप आला. परसरामांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि पाऊण तास असे बोलले, की मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहायचेसुद्धा सोडून दिले. मग समई प्रज्वलित करायची वेळ आली. शिपाई मंगरू याने वात पेटवून समई मागे सरकवली, इतकी की ज्योत पडद्याला लागली. कापड काळे पडू लागले. सहाशे लोकांत ते फक्त परसरामांना दिसले.

“मंगऱ्याऽऽ! पडदा जळून राहिला ना बे! तुये डोरे फुटले का!”

एवढे सगळे ध्वनिक्षेपकातून गेले. पडदा वाचला. बाकीचे वरच्या नोंदीत आले आहे. ‘कोणतेही सबळ कारण नसताना’ हे शब्द सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसरामांनी तक्रार लिहिली आणि सोमवारी टपाल कचेरी उघडताच रजिस्टर पोस्टाने साप्ताहिकाला पाठवली.

आता एक गोष्ट पाहा. तीस वर्षांत परसरामांनी ज्या तक्रारी केल्या त्या बहुतेक खऱ्या होत्या. बस खरोखर येत नव्हती, मुरूम खरोखर कमी होता. त्यांतल्या एकीवरही कोणी विश्वास ठेवला नाही. खोटी म्हणावी अशी एकच केली, आणि आठ दिवसांत सारा तालुका तिच्यामागे उभा राहिला. चावडीवर, पानठेल्यावर, बसमध्ये लोक म्हणू लागले, “टेंभरे सरनं पेपरात देलं म्हनजे तसंच असन. मास्तर आदमी खोटं कायले लिहीन?” डॉक्टरीणबाईंनी उत्तर छापले नाही. मास्तराविरुद्ध त्या काय लिहिणार होत्या? दवनीवाड्याचे, कामठ्याचे, रोज बाकांवर दाटीने बसणारे लोक उठून गेले, आणि नवे आले नाहीत.

हे परसरामांना मार्चपर्यंत ठाऊक नव्हते. ते सांगायला धुरपताबाई आल्या.

धुरपताबाई त्यांच्याच गल्लीतल्या, सत्तरीच्या पुढच्या, तोंडात एक दात नसलेल्या. काठी टेकत त्या अंगणात आल्या आणि ओट्यावर न बसता उभ्याच राहिल्या.

“मास्तर, तुमाले एक इचारू का?”

“विचारा, धुरपताबाई.”

“तुमचे दात पडले, ते पडले. माहे काऊन पाडले?”

परसरामांना अर्थ लागेना. “तुम्हाला तर दातच नाहीत.”

“नाईत. येनार होते. त्या बाईनं डिसंबरात माप घेतलं होतं, आर्धं. आर्धं जानेवारीत घेनार होती. चंद्रकुमार म्हनते, आता नाई जाचं, सरनं पेपरात देलं. तुमचे तं येऊन पडले, बापा. माहे तुमी यायच्या अगोदरच पाडले.”

चंद्रकुमार त्यांचा मुलगा. परसरामांचाच विद्यार्थी, आणि छापलेले ते खरे मानावे हे त्याला परसरामांनीच शिकवले होते.

“तीन वरस झाले, पेज पिऊन राहिली मी,” धुरपताबाई म्हणाल्या. “एक डाव लाखोरीच्या दाळीचा वडा खाचा होता, कडक, कडकड वाजनारा. लय मोठी गोष्ट सांगून राहिली का मी? आन् ते पोरगी आता दुकान बंद करून नागपूरले जाऊन राहिली, असं आयकलं. वैशाखात.”

“त्यांचे माप सदोष होते,” परसराम म्हणाले. कवळी जागेवर होती, कारण वाक्य पुस्तकातले होते.

“तिचं माप कसं होतं मले नाई मालूम. तुमचं तोंड कसं आहे ते साऱ्या गावाले मालूम हाय.” धुरपताबाई काठी फिरवून निघून गेल्या.

दुलारीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळी त्यांनी बाहेरचे लुगडे नेसले, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, “चाला.”

“कोठे?”

“जिथं खोटं बोलले तिथं.”

बसमध्ये परसरामांनी मनातल्या मनात निवेदन जुळवले. ‘सदर प्रकरणी उभय पक्षांत काहीसा गैरसमज झाल्याचे निदर्शनास येत असून...’ जिना चढेपर्यंत ते पाठ झाले होते. वर एका बाकावर खोके ठेवलेले होते, दुसरे भिंतीला उलटे लावले होते. डॉक्टरीणबाई एकट्याच बसून काचेच्या बाटल्या कागदात गुंडाळत होत्या. सरांना पाहून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. एवढे झाल्यावरही उभ्या राहिल्या, हे परसरामांना लागले.

“सदर प्रकरणी,” त्यांनी सुरुवात केली.

“थांबा जी,” दुलारीबाई म्हणाल्या. “बाई, हे खोटं बोलले तुमच्यासंग. घरी हे असे बोलतच नाई. घरी यायचं तोंड अस्सं चालते.” त्यांनी दोन्ही हातांनी दाखवले, सूप पाखडतात तसे.

“मले मालूम आहे, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परसरामांनी त्यांच्या तोंडून गावची बोली इतक्या वर्षांनी ऐकली. “बाजारात आयकलं होतं मी सरले. वांगेवाल्यासंग.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“सरसमोर ‘काऊन’ म्हनाची हिंमत नाई होत अजून.” त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. परसरामांकडे वळून त्यांनी बोली बदलली. “चूक माझीही आहे, सर. मापाची अर्धी विद्या हातात असते, अर्धी पेशंटला तोंड चालवायला लावण्यात. दुसऱ्या कोणाला मी सोडलं नसतं. तुम्हाला सांगताना मी डॉक्टर नव्हते, वर्गात उभी होते.”

परसरामांचे निवेदन कोठे गेले ते त्यांनाही कळले नाही. त्यांना आठवले ते एवढेच, की त्या मुलीला ‘का’ दहा वेळा म्हणायला लावले होते, आणि दहाव्या वेळी तिचा आवाज रडवेला झाला होता. “पुन्हा माप घेता येईल का?” त्यांनी विचारले.

“सामान बांधलं आहे.” त्यांनी खोक्यांकडे पाहिले. मग एक खोके उघडले.

नव्या ट्रेची कड त्यांनी या वेळी चांगलीच आखूड घासून घेतली, म्हणजे उरलेली कड मऊ कांडीतून गालांनाच ठरवता येईल. सगळी तयारी होईपर्यंत दुपार झाली. मग त्यांनी खुर्चीशेजारी स्टूल ठेवले. “काकू, इथे बसा. मी कांडी लावून ट्रे तोंडात ठेवला की तुम्ही भांडायचं.”

“कायच्यावरून?”

“रोज ज्याच्यावरून भांडता त्याच्यावरून.”

दुलारीबाईंनी पदर खोचला. डाव्या बाजूची कांडी मऊ होऊन आत गेली.

“गुडाखूची डबी कुठं ठेवता, सांगू का बाईले?” दुलारीबाई म्हणाल्या. “तक्रारीच्या फायलीमागं! पान्याची तक्रार केली, हातपंपाची केली, आन् हिरड्या खाल्ल्या कोनं? दंतमंजन म्हनते मले. मी का येडी आहो?”

“खओटं!” परसराम ओरडले. गाल इकडून तिकडे गेले. “ते… मंअन… अअऽ… तू चूप आह!”

“छान, सर! असंच!” डॉक्टरीणबाईंनी ट्रे काढला, कडेकडे पाहिले आणि उजव्या बाजूला कांडी लावली.

उजवीकडे दुलारीबाईंनी आपल्या भावाच्या लग्नाचा विषय काढला. त्या लग्नात परसरामांनी मुहूर्त टळेस्तोवर प्रास्ताविक केले होते. परसरामांनी ट्रेसकट, हातवारे करून, दोन्ही बाजूंच्या वऱ्हाड्यांचा उद्धार पोवारीत केला. जीभ आपसूक बाहेर आली, वर गेली, आत गेली. बाहेर कापडदुकानाचा मालक जिन्यातून डोकावून गेला.

शेवटी ट्रेमध्ये लवंगेच्या वासाचे मलम पसरून तो पूर्ण हिरडीवर बसवला. “आता हे घट्ट होऊन आवळेपर्यंत तोंड थांबवायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता हसायला हवं. खरंखुरं.”

परसरामांनी फोटोतला चेहरा केला.

दुलारीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. “बाई, त्या दिवशी तबकात काय झालं ते यायनं पेपरात देलं का?”

“नाही, काकू.”

“नाईच देत. शालीकराम गुरुजी होते ना पाव्हने, त्यायच्या दोन्ही डोऱ्यात मोतीबिंदू. यायचे दात पडले ते नारयाच्या तुकड्यायमंदी पडले. गुरुजीनं चाचपून पाहलं, एक तुकडा उचलला, डोऱ्याले लावला, आन् कपाराले लावला. आन् यायले म्हनते, प्रसाद मोठा सुबक कापला, सर!”

“मग?”

“मंग का! तोंडात टाकनार, तं मंगरूनं हात धरला. गुरुजी म्हनते, अबे एक तं घेऊ दे, सकायपासून उपाशी हाव!”

त्या दिवशी सहाशे लोक हसले होते. एक माणूस हसला नव्हता. तो आता खुर्चीत बसून होता आणि त्याला गुरुजींचा तो भाविक चेहरा दिसला, डोळे मिटलेले, कपाळाला लावलेली खालची कवळी, तिच्यावर अडकलेला खोबऱ्याचा कीस. आधी त्याचे खांदे हलले. मग पोटातून काहीतरी वर आले. परसराम टेंभरे हसले, तोंड फाकून, गाल कानाशी नेऊन, डोळ्यांतून पाणी गाळत, आणि मध्ये गिळत आणि पुन्हा हसत.

“थांबू नका, सर!” डॉक्टरीणबाई ट्रेवर दोन बोटे धरून स्वतःही हसत होत्या. “मलम आवळत आहे, थांबू नका!”

ते थांबू शकत नव्हतेच.

दहा दिवसांनी नवी खालची कवळी आली. ती घालून परसराम ओरडले आहेत, भांडले आहेत, गाय हाकलली आहे आणि लाखोळीचा वडा खाल्ला आहे. जांभई देताना ती अजून थोडी उठते. त्याबद्दल तक्रार नाही. गुडाखूची डबी फायलीमागून निघाली आहे. ती दुलारीबाईंच्या ताब्यात असून, त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय उपलब्ध नाही.

मग परसराम साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक बिसरामजी सज्जन माणूस. “सर, दोन ओळींचा खुलासा टाकून देऊ,” ते म्हणाले. “चौथ्या पानावर, खाली. वाचते कोन?”

वाचते कोण, हे परसरामांना चांगले ठाऊक होते. चौथ्या पानावरचा खुलासा आजवर त्यांनी एकट्यानेच वाचला होता, तोही त्यात चुका काढायला. मानहानी सहाशे माणसांसमोर झाली होती, आणि तिची खोटी नोंद साऱ्या वर्गणीदारांच्या घरी गेली होती. दोन ओळींत ती पुसली जाणार नव्हती. म्हणून एवढे लांबलचक लिहावे लागले, आणि गुरुजींच्या प्रसादाचा प्रसंगही, जो परसरामांनी मरेपर्यंत लपवला असता, छापून द्यावा लागला. खुलासा कोणी वाचत नाही. कवळी कपाळाला लावलेली मात्र सारेजण वाचतात.

डॉक्टरीणबाईंनी नागपूरचे उत्तर महिनाभर लांबवले आहे. जागा कापडदुकानाच्या मालकाची; त्याला त्यांनी जूनअखेरपर्यंत थांबायला सांगितले आहे. एक बाक सरळ करून ठेवले आहे. काल दुपारी त्यावर कोणी नव्हते.

सबब वाचकांकडे मागणी अशी. ३ जानेवारीचा अंक घरात असेल तर त्यातली माझी तक्रार रद्द समजा. तिच्यात खरे होते ते फक्त दिनांक, वेळ, स्थळ व तबक. ज्यांनी माप अर्धवट सोडले आहे त्यांनी जून संपण्याच्या आत परत जा. चंद्रकुमार, तुझे नाव मुद्दाम छापत आहे : येत्या सोमवारी सकाळच्या बसने आईला घेऊन जा. आणि खुर्चीत बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी ‘तोंड उघडा’ म्हटले की घरी उघडता तेवढे उघडा.